दिल्लीसाठी एक बाटली पाणी

१२ नोव्हेंबर १९७३, सोमवार

ओढा पुन्हा तांबडा! कारखान्याचा बॉयलर पेटून पंधरा दिवस झाले नाहीत तोच मळीचं पाणी सुटलं. सकाळी प्रार्थनेला अख्खी शाळा एका हाताने नाक धरून उभी, आणि मी मुख्याध्यापक म्हणून दोन्ही हात जोडून. शिस्त म्हणजे शिस्त. प्रार्थना संपेपर्यंत माझ्या डोळ्यांना धार लागली होती. पोरांना वाटलं, गुरुजींना भक्ती अनावर झाली.

मधल्या सुट्टीत रंभाजी आला. खालच्या वस्तीतला. पलटणीतून पेन्शनीत आलेला माणूस, अजूनही ताठ उभा राहून बोलतो. हातात काचेचा ग्लास, वर फडकं. म्हटलं, "अरे, चहा कशाला आणलास?"

"च्या न्हाई गुरुजी. आमच्या हिरीचं पानी हाय."

खरंच चहाचा रंग! वर फेस. वस्तीची विहीर अगदी ओढ्याच्या काठाला, त्यामुळे ओढा बिघडला की विहीर बिघडलीच म्हणून समजा. त्याची सून विमलबाई पाच महिन्यांची गरोदर आहे, आठ दिवस नुसत्या उलट्या. "तुमी लिवनारं मानूस," म्हणाला. "लिवा कायतरी."

लिहिणारं माणूस! छाती दोन इंच वर आली. घरी येईपर्यंत वरच होती. मग आठवलं — आमचाही दोन एकर ऊस त्याच कारखान्याला जातो. थोरले बंधू काकासाहेब आणि मी, दोघेही सभासद. दिवाळीची साखर आणायला मीच पिशवी घेऊन रांगेत पहिला होतो. म्हणजे त्या ग्लासातला एखादा घोट माझ्याही नावावर आहे. असू दे. अर्ज तरी लिहितो!

१५ नोव्हेंबर

दाढी करायला बसलो होतो, तिथे दोन दिवसांपूर्वीचा पेपर मिळाला. दिल्लीत पाण्यासाठी अख्ख्या देशाचा कायदा करायचं चाललंय. नदी, ओढा, विहीर — कुणी घाण सोडली तर शिक्षा. मग तहसीलदाराला कशाला लिहायचं? गेल्या साली तीन अर्ज केले. तिन्हींवर एकच शेरा, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'. आता थेट दिल्ली!

गोजरला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "दिल्लीला लिवा, पर आदी रांजन भरा. दोन दिस झालं म्हंतीय." बायकोला राष्ट्रीय प्रश्नांचं गांभीर्य म्हणून नाही. मुकाट्याने रांजण भरला. पण आमच्या विहिरीचं पाणी काय सांगावं! माळाच्या पायथ्याला, ओढ्यापासून चांगली लांब. गार, गोड. तुरीची डाळ एका कढात शिजते.

१८ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर मसुदा. 'केंद्र सरकारने गोड्या पाण्याच्या रक्षणासाठी कडक धोरण आखणेबाबत सविनय सूचना.' सतरा कलमं झाली! पंधरावर थांबणार होतो, पण टाक छान चालत होता. कलम एक: देशातील प्रत्येक ओढ्याची नोंद सरकारदरबारी व्हावी, माणसाच्या जन्माची होते तशी. कलम चार: कारखान्याने जे पाणी ओढ्यात सोडायचे ते आधी मॅनेजरने एक पेला पिऊन दाखवावे. (गोजर हसली. म्हणजे कलम जमलं.) आणि कलम नऊ — माझं लाडकं! 'ज्याचेकडे शुद्ध पाणी आहे त्याने ते तहानलेल्यास आडकाठी न करता घेऊ द्यावे. नाकारणे हा गुन्हा समजावा.' हे खास कारखान्याच्या कॉलनीतल्या साहेबलोकांसाठी. तिथं फिल्टरचा नळ आहे, आणि नळाला कुलूप! पाणी घाण करणार हे आणि चांगलं पिणारही हेच!

संध्याकाळी रंभाजी आला. घराच्या ओट्यावर मी, अंगणात तो. सगळं वाचून दाखवलं. कलम चारला त्याने मांडीवर थाप मारली. कलम नऊला मात्र "पुन्यांदा वाचा," म्हणाला. मी आणखी खणखणीत वाचलं.

"कलम लई चांगलं हाय गुरुजी. कुनासाठी हाय?"

"साहेबलोकांसाठी!"

"आसं व्हय," म्हणाला, टोपी घातली आणि गेला. पलटणीची माणसं बोलतातच कमी.

१९ नोव्हेंबर

रजिस्टरने टाकला. पोस्टमास्तर म्हणाले, "दिल्लीत पाव्हनं हायेत का कुनी?" म्हटलं, आता होतील.

११ डिसेंबर, मंगळवार

दिल्लीचं उत्तर आलं!! सिंहांचा शिक्का, खाली सही. इंग्रजीत अडीच ओळी. अर्थ एवढाच की आपल्या सूचना पोचल्या, पाणी तपासल्याचा दाखला असल्यास पाठवावा. सतरा कलमांबद्दल चकार शब्द नाही. पण लिफाफा पाहायला शाळेच्या दारात निम्मं गाव! अर्जावर सही मागायला गेलो तेव्हा काकासाहेबांचे डोळे दुखत होते. तेच काकासाहेब चावडीपुढे सांगत होते, "आमचा मच्छिंद्र दिल्लीशी बोलतो."

दुपारी कारखान्याचे केमिस्ट साहेब जीप घेऊन हजर. घाबरले! मला! तिथल्या तिथे दोन गोष्टी कबूल. उद्यापासून वस्तीला रोज पाण्याचा टँकर. आणि मळीचं पाणी ओढ्यात न सोडता वर माळावर मोठा खड्डा खणून त्यात साठवायचं. जागा काकासाहेब देणार, त्यांच्या पडीकातली. "गुरुजींच्या अर्जाची दखल घेऊन," असं साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. मी मान खाली घातली. नम्रपणा मला शोभतो, असं गोजरच एकदा म्हणाली होती.

१३ डिसेंबर

दाखल्यासाठी पाणी पाठवायचं म्हणून बाटली राखेने घासली, उकळत्या पाण्यातून काढली, उन्हात वाळवली. चिठ्ठी चिकटवली: 'खालची वस्ती, सार्वजनिक विहीर.' अक्षर असं काढलं की नुसत्या अक्षरावर कायदा पास व्हावा.

भरायला स्वतः जायला हवं होतं. शाळेची तपासणी आहे म्हणून जमत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. खरं लिहू? इथं कोण वाचतंय! वस्तीत गेलो असतो तर रंभाजीने चहा पुढे केला असता. घ्यावा तर काकासाहेबांच्या कानावर जाणार. न घ्यावा तर रंभाजीच्या डोळ्यांदेखत. एकोणीस वर्षं मास्तरकी केली, वस्तीतली पोरं शिकवली, एकाला तर सातवीच्या फायनलला केंद्रात पहिला आणला. पण त्यांच्या घरी पाणी प्यायची वेळ मी मोठ्या हुशारीने कधी येऊ दिलेली नाही.

म्हणून बाटली कडूबाईकडे दिली. रंभाजीची बायको. आमच्या रानात खुरपायला आली होती. म्हटलं, "दिल्लीच्या कामाचं पाणी आहे. तुमच्या विहिरीचं. नीट भर."

"लई नीट भरते गुरुजी," म्हणाली. झालं! एवढा मोठा पेच, मास्तरांनी दोन मिनिटांत सोडवला.

१४ डिसेंबर

पहाटेच कडूबाई बाटली देऊन गेली. फडक्यात गुंडाळलेली, वर घट्ट बूच. किरकोळ रजा टाकली, नगरला एसटी बदलली आणि पुण्याला पोचलो. सगळा वेळ बाटली मांडीवर. शेजारी एक म्हातारी. तिने बाटलीला नमस्कार करून विचारलं, "गंगा का रं बाबा?" म्हटलं, "नाही आजी, विष आहे." ती उठून पुढे जाऊन बसली.

घाटात ऊन आत आलं तेव्हा बाटली उजेडात धरली. पाणी नितळ! पलीकडचा कंडक्टर स्पष्ट दिसत होता. जरा चरकलो. मग स्वतःला समजावलं — टँकर सुरू झालाय, शेंदणं कमी झालंय, गाळ खाली बसला असेल. शिवाय रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. चौथीच्या विज्ञानात धडाच आहे. मीच शिकवतो. प्रयोगशाळेतल्या माणसाने बाटली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जपून हाताळा."

१७ जानेवारी १९७४, गुरुवार

दाखला आला. 'पाणी पिण्यास योग्य. प्रत उत्तम.'

एक प्रत कारखान्यालाही गेली होती. कुणी मागवली देव जाणे. केमिस्ट साहेबांनी ती चावडीवर मोठ्याने वाचली. "गुरुजी, एवढं चांगलं पाणी आमच्या कॉलनीत नाही हो! आम्हीच भरायला येतो." सगळे हसले. काकासाहेब सगळ्यांत मोठ्याने. मीही हसलो — दुसरं काय करायचं ते सुचेना.

उद्यापासून टँकर बंद. दाखलाच असा, मग टँकर कशाला? माझ्या अर्जाने वस्तीला टँकर आला आणि माझ्याच बाटलीने गेला. वर सतरा कलमं! शाबास मच्छिंद्रा!

रंभाजी मागे उभा होता. विमलबाईला सातवा महिना लागलाय. डोळे पिवळे दिसतात म्हणे.

१८ जानेवारी

कडूबाईला रानात गाठलं. "बाटली कुठे भरलीस?"

"तुमच्याच हिरीवर की."

मी बांधावर बसलो.

"मी तुमच्या विहिरीचं सांगितलं होतं ना, बाई!"

"सांगितल्यालं. पर गुरुजी, दिल्लीच्या सायबापुढं जायाचं पानी. पाव्हन्याला कुनी गढूळ देतं व्हय? घरात न्हाई तर शेजारचं मागून आनतो आपुन." खुरपं थांबलं तिचं. मग हळूच म्हणाली, "आन् बाटलीवर वस्तीचं नाव हुतं. आमच्या मालकांनी वाचून दावलं. म्हनलं, घान पानी धाडलं तर वाचनारा म्हनंल, पानी घान म्हंजी मानसंबी घानच आसत्याल. तसं कशापायी म्हनू द्यायाचं?"

बांधावरून उठलो, माती झटकली.

घरी येऊन गोजरवर ओरडलो. ती पीठ मळत बाहेर आली. "मला काय ठावं? कडूबाई आली, म्हनली गुरुजींनी दिल्लीसाठी पानी मागितलंय. मी म्हनलं घरचंच काम. दोनदा गाळलं, तुरटी फिरवली, वरून बाटलीत वतलं. थेंब सांडू दिला न्हाई!" वर मलाच विचारते, "चांगलं निगालं ना?"

चांगलं? उत्तम प्रत! सरकारी दाखला आहे.

२१ जानेवारी, सोमवार

शाळा सुटल्यावर कारखान्यावर गेलो. सांगितलं, नमुना चुकलाय, टँकर सुरू करा. केमिस्ट साहेबांनी कागद पुढे सरकवला. "लेखी द्या. चिठ्ठी आपल्या हस्ताक्षरात आहे. मुख्याध्यापकांनी सरकारी कामात खोटी चिठ्ठी लावली, असं लिहून द्या, मग बघतो."

पेन माझ्या खिशात होतं. शाईही होती. जन्मभर न मागता अर्ज लिहिणारा मी! नोकरीची सहा वर्षं राहिलीत. म्हटलं, "विचार करून सांगतो." परतताना वस्तीवरून रस्ता होता. मी कालव्याच्या पाटाने वळसा घालून गेलो. लांब पडलं.

२९ जानेवारी

आठ-दहा दिवस झाले. वस्तीतल्या बाया सकाळी आमच्या विहिरीवर येतात. चांगल्या पाण्याचा पाट दोन कोसांवर, त्यापेक्षा हे जवळ. कठड्यापासून चार हात लांब हंडे मांडून बसतात. रहाटाला, दोराला हात लावत नाहीत. गोजर शेंदते आणि त्यांच्या हंड्यात वरून ओतते. आजोबांपासूनची रीत आहे. कुणी लिहिलेली नाही, म्हणून तिच्यावर अर्जही करता येत नाही.

आज गोजरने तळहात दाखवले. दोन्हींवर फोड. "त्या धा जनी धडधाकट बसून ऱ्हात्यात आन् मी एकली वढते. त्यास्नीबी लाज वाटती, मलाबी. सोताच्या हातानं घिऊ द्या की त्यास्नी!"

म्हटलं, विहीर काकासाहेबांची पण आहे. एकट्याने कसं ठरवायचं?

"त्ये तुमचं नववं कलम. मी आतून आयकलंय. सायबाच्या नळाला कुलूप हाय म्हनून एवढं तोंड केलं. आपल्या हिरीला कुलूप न्हाई तर काय? मला बशिवलंय तितं!"

मला राग आला. तिचा नाही. रंभाजीने त्या दिवशी 'कुनासाठी हाय' असं का विचारलं, ते आज कळलं म्हणून. अडीच महिने लागले. दिल्लीलासुद्धा इतका वेळ लागला नव्हता.

काकासाहेबांना समोर बोलायचं धाडस होईना. म्हणून अर्ज लिहिला! सख्ख्या भावाला! 'विहिरीवर सर्वांस स्वहस्ते पाणी भरू देणेबाबत.' खाली 'आपला आज्ञाधारक'. मधल्या भिंतीला खिडकी आहे, तिच्यातून दिला.

३ फेब्रुवारी

काकासाहेब म्हणाले, "बघू. होळी हू दे."

२४ फेब्रुवारी, रविवार

आज एकदाचा वस्तीत गेलो. दोन बाटल्या घेऊन. एक त्यांच्या विहिरीची, ती स्वतःच्या हाताने भरली. दुसरी आमच्या विहिरीची, येतानाच भरून आणली होती. तुलना दिसली म्हणजे कुणाला शंका नको — उत्तम एका बाजूला, घाण दुसऱ्या बाजूला. आमचं उत्तम! हौसच ती.

त्यांच्या विहिरीत आत वाकलो आणि दम कोंडला. मळी ओढ्यात सोडणं थांबलंय, तरी मुरलेलं मुरलेलंच. रंभाजी शेजारी उभा. "पलटनीत एका टाकीतनं समदे पेत हुतो," एवढंच म्हणाला.

घरात नेलं. स्वच्छ सारवलेलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली आमच्याच शाळेतलं कुणाचं तरी प्रगतिपुस्तक टांगलेलं, शेरा माझ्या अक्षरातला. कोपऱ्यात विमलबाई भिंतीला टेकून बसलेली. आठवा सरत आला. डोळे हळदीसारखे. मला पाहून पदर सावरायला गेली, तेवढ्यानेच धाप लागली.

आणि कडूबाईने तांब्या पुढे केला.

तो क्षण! एकोणीस वर्षं चुकवलेला. माझा हात उठेना. तिला ते दिसलं. तिने राग नाही धरला, उलट माझीच समजूत घातली. "प्या गुरुजी. आमचं न्हाई, तुमच्याच हिरीचं हाय. सकाळी गोजरबाईनं वतल्यालं. पाव्हन्यासाठी येगळं ठिवतो आमी, सुनंलाबी त्यातलं देत न्हाई."

प्यायलो. सगळा तांब्या प्यायलो. शेवटी तोंडात जरा तुरट चव राहिली. मला वाटलं शरमेची.

घरी येऊन लेखी देऊन टाकलं. 'पहिला नमुना आमचे खाजगी विहिरीचा होता. चिठ्ठी मी लावली. बाटली भरायला मी गेलो नव्हतो.' आजवरचा सगळ्यात लहान अर्ज. एक प्रत कारखान्याला, एक शिक्षणाधिकाऱ्यांना, एक दोन्ही बाटल्यांबरोबर पुण्याला. नोकरी जायची तर जाईल. गोजर म्हणाली, "जात न्हाई. तुमच्यावानी मास्तर त्यास्नी फुकट घावनार हाय का?" ही स्तुती की काय ते कळलं नाही.

९ मार्च, धुळवड

होळी झाली. काकासाहेब म्हणाले, "आता पाडवा हू दे." कारखाना म्हणतो, नवा दाखला येऊ दे. सगळे कशाची ना कशाची वाट पाहतायत. विहिरीवर रीत तीच, गोजरचे हात तेच.

मी त्यात पडलो नाही. म्हणजे आज तरी. कायदा होऊ दे, मग काकासाहेबांशी सरळ कायद्यानेच बोलू, असं ठरवलं. थोडक्यात, मीही वाटच पाहतोय. फक्त माझी जरा मोठी, दिल्लीपर्यंतची.

गोजर म्हणते, डाळ शिजत नाही. म्हटलं, डाळ जुनी असेल.

२० मार्च

विमलबाई तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. हातात धरलं तर हाताला वजनच लागत नाही, असं कडूबाई म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलंय, बाळंतिणीला स्वच्छ पाणी द्या. कुठलं, ते नाही सांगितलं.

कडूबाईने पाटावरून आणायला सुरुवात केली आहे. दोन कोस जायचे, दोन यायचे. मी विचारलं, आमच्या विहिरीवर का नाही? म्हणाली, "तुमचं पानी हल्ली जरा येगळं लागतंय गुरुजी. सुनंला नको म्हनलं." मला वाईट वाटलं. आमच्या पाण्याला नावं ठेवते! तेही गोजर फोड आलेल्या हातांनी ओततेय असं!

२५ मार्च, सोमवार

रेडिओवर सांगितलं. पाण्याचा कायदा झाला! मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. उगाच. घरात कुणी नव्हतं.

गोजर आल्यावर सांगितलं. तिने डोक्यावरची घागर उतरवली. "मंग उद्या टँकर येईल का?"

म्हटलं, कायदा असा लगेच येत नाही. मंडळं नेमतील, नियम करतील, माणसं ठेवतील. चांगला कायदा आहे गं. फार चांगला आहे.

"त्येच्यात तुमचं नववं कलम हाय का?"

दोन ओळींच्या बातमीत नव्हतं. कालच पाडवा झाला. काकासाहेबांकडे जायचं होतं. गेलो नाही. श्रीखंडाचं निमित्त झालं, मग झोप लागली.

२८ मार्च, गुरुवार

पुण्याहून दाखला आला. दोन बाटल्या, दोन कागद, एकच शेरा. 'पिण्यास अयोग्य.' 'पिण्यास अयोग्य.'

आधी वाटलं चुकून एकाच बाटलीचे दोन कागद आले. कागदांवरची नावं पाहिली. वस्तीची विहीर. आमची विहीर.

शाळा सोडून तडक माळावर गेलो. खड्डा काठोकाठ भरलेला, काळा-तांबडा. खाली नुसता मुरूम. दगडाचा एकही थर नाही, चुना नाही. आणि खड्ड्याच्या बरोबर खाली, उतारावर, आमची विहीर. सगळा माळ चाळणीसारखा गळतोय आमच्या विहिरीत. तो खड्डा कुणाच्या अर्जाने झाला? मी तिथे उभा राहून हसलो. मग रडलो. कुणी नव्हतं म्हणून जरा मोठ्याने.

तीन महिने चांगलं पाणी होतं माझ्याकडे. तीन महिने! वस्तीतली प्रत्येक बाई चालत येऊन स्वतःच्या हाताने भरू शकली असती. विमलबाई पोटभर प्यायली असती. त्याला दिल्ली लागत नव्हती. एक 'घ्या' म्हणायचं होतं. मी अर्ज लिहीत बसलो.

कागद काकासाहेबांना नेऊन दिला. आज त्यांचे डोळे दुखत नव्हते. दोनदा वाचला. घडी घालून परत दिला. मग म्हणाले, "मच्छिंद्रा, तुजा तो अर्ज मंजूर. सांग वस्तीत. घिऊ दे आता त्यास्नी सोताच्या हातानं. माजी काय हरकत न्हाई."

२९ मार्च

संध्याकाळी दारात कडूबाई. डोक्यावर हंडा, पाटावरून आणलेला. पहिली खेप सुनेला, ही दुसरी आम्हाला; आमच्या विहिरीच्या दाखल्याचं वस्तीत कालच कळलं होतं. गोजर कळशी-तांब्या घेऊन बाहेर आली आणि खाली वाकून कळशी धरून उभी राहिली — वरून ओतायची वाट पाहत.

कडूबाईने हंडा आमच्या उंबऱ्यावर ठेवला. म्हणाली, "वतायचं कशापायी, बाई? हात घाला आन् घ्या."

गोजरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने तांब्या बुडवला.